मुलगा म्हणतो चर्च मोबाईलवर पण आहे, मग काय करायचं?

एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगा अकरावीत, घर सुदामा नगरला, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेला, वचनं तोंडपाठ, आणि आता रविवारी सकाळी उठवलं की म्हणतो आपल्या पाळकांपेक्षा, म्हणजे चर्चच्या पास्टरांपेक्षा, दहापट चांगलं प्रवचन मी यूट्यूबवर ऐकतो, मग दोन तास बाकावर बसून काय करू. दिवसभर रील्स, आणि रात्री धर्मांतरावरच्या व्हिडिओंखाली अनोळखी लोकांशी कमेंटमध्ये भांडणं. ताई विचारतात की सोशल मीडियाने आपली संस्कृती आणि जगाकडे बघायची आपली ख्रिस्ती नजर, दोन्ही बिघडवलं का, आणि फोन काढून घेतला तर मुलगा ताळ्यावर येईल का.

मी इंदूरलाच एका शाळेत समुपदेशक आहे आणि २३ वर्षं झाली, आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ बघते. म्हणजे याच वयाची मुलं मला सोमवार ते शनिवार एका रूपात भेटतात नि रविवारी दुसऱ्या, त्यामुळे जे सांगते ते दोन्हीकडचं बघून सांगते.

फोनचं आधी उरकते. काढून घेऊ नका. अकरावीच्या मुलाचा फोन हिसकावला की तो मित्राचा जुना फोन मिळवतो, मग जे तुमच्यासमोर चालायचं ते पांघरुणात चालतं आणि तुमच्याशी बोलणं बंद होतं ते वेगळंच. एक गोष्ट मात्र पक्की करा, रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन, तुमचा नि त्याच्या बाबांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. एकट्या मुलाचा घेतलात तर ती शिक्षा होते, सगळ्यांचे ठेवलेत तर ती घरची रीत होते. आणि झोप पूर्ण झाली की अर्धी चिडचिड अशीच कमी होते, हे मी शाळेत इतक्या वेळा बघितलंय की पालक आले की पहिला प्रश्न झोपेचाच विचारते.

आता मूळ प्रश्न. बिघडवलंय का? हो, पण आपण शोधतो तिथे नाही. मंडळीत या विषयावर बैठक बसली की सगळे घाणेरड्या व्हिडिओंबद्दल बोलतात, आणि तो धोका खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला जास्त भीती वाटते ती चांगल्या व्हिडिओंची. तीन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगते, चूक माझीच होती. नाताळच्या आधीचा आठवडा, कडाक्याची थंडी, तरुण संघाची १४ मुलं घेऊन आम्ही रात्री स्टेशनच्या बाजूला ब्लँकेटं वाटायला गेलो. मीच एका मुलीला म्हटलं होतं की थोडं शूट कर, मंडळीच्या पेजवर टाकू, बघून चार लोक देणगी देतील. एक म्हातारे बाबा फुटपाथवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. आमच्या मुलाने त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं, मुलीचा लाईट नीट लागला नाही, ती म्हणाली भैया एक बार फिर से, मुलाने ब्लँकेट उचललं नि परत टाकलं. मग मागून कोणीतरी गाडीवाला मध्ये आला म्हणून परत एकदा. बाबा काहीच बोलले नाहीत, तिसऱ्या वेळेला त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "बेटा, हो गया? अब ओढ़ लूँ?"

घरी येऊन मी तो व्हिडिओ बघितला. छान झाला होता, मागे हळू आवाजात गाणं, मुलाचा चेहरा अगदी प्रेमळ दिसत होता, आणि बाबांचं ते वाक्य कापलेलं होतं. मी तो टाकू दिला नाही, पण मुलांवर रागावलेही नाही, कारण मुलं वाईट नव्हती, खरंच पोटातून कळवळा घेऊन आली होती, आणि शूट कर म्हणून सांगणारी मी होते. बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने स्पष्ट सांगितलंय की दान देताना उजवा हात काय करतोय ते डाव्यालाही कळू नये, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घे. ही वचनं मी दरवर्षी संडे स्कूलमध्ये पाठ करून घेते, आणि त्या रात्री मला स्वतःला एकदाही आठवली नाहीत. म्हणून म्हणते की आपली शिकवण कोणी पुसलेली नाही, वचनं सगळी जागच्या जागी आहेत, फक्त हात आणि डोळे दुसऱ्या कोणाकडून वळण घेऊन आलेत. समोर माणूस आला की आधी तो कसा दिसेल हे सुचतं, त्याला थंडी वाजतेय हे नंतर.

हे वळण आपोआप लागलेलं नाही, लावलंय. फेसबुकवर लाईकचं बटण आलं २००९ ला. खाली ओढत जा, पान संपतच नाही, ही युक्ती एझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ च्या सुमाराला काढली आणि पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. इन्स्टाग्राम आधी ज्या क्रमाने फोटो टाकले त्या क्रमाने दाखवायचं, २०१६ पासून त्यांचा अल्गोरिदम ठरवायला लागला की तुम्हाला काय आधी दिसेल. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि दोन आठवडे व्हायच्या आत रील्स आले, तेव्हा हीच मुलं लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेली होती, शाळा मोबाईलवर, मित्र मोबाईलवर, उपासना पण मोबाईलवर. अल्गोरिदमला पाप-पुण्य कळत नाही, तुम्ही थांबलात की पुढे गेलात एवढंच कळतं, आणि माणूस थांबतो कशावर तर रागावर, भीतीवर, हेव्यावर, दुसऱ्याच्या फजितीवर. दिवसाचे चार तास तेच दाखवलं तर मुलाला वाटायला लागतं की जगात हेच भरलंय. शाळेत मुली माझ्यासमोर बसून रडतात की माझ्या फोटोला अमकीपेक्षा कमी लाईक, आणि त्यातल्या कितीतरी मुली रविवारी गाऊन आलेल्या असतात की देवाने मला आपल्या प्रतिरूपाचं निर्माण केलं. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणसाची किंमत ठरून गेलीय, कोणी बघो न बघो, आणि हातातला फोन सांगतो की बघितलं तरच किंमत. या दोन गोष्टी एका डोक्यात सुखाने नाही राहत.

आता तुमच्या मुलाचा यूट्यूबचा मुद्दा. त्याच्याशी वाद घालू नका कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रवचन तिथे खरोखरच चांगलं असतं, मीसुद्धा ऐकते. आमचे पाळक काही फार मोठे वक्ते नाहीत, कधीकधी मुद्दा सोडून लांब जातात. पण त्याला एवढं विचारा की त्या यूट्यूबवाल्या पास्टरना तुझं नाव माहितीये का? तुझे आजोबा गेले तेव्हा रात्री दोन वाजता आपल्या घरी कोण आलं होतं? आमच्या पाळकांना कोणाच्या मुलाचं अकाउंट्स कच्चं आहे तेसुद्धा माहीत असतं, आणि ते जेव्हा वेदीजवळ उभे राहून बोलतात तेव्हा समोरच्या ऐंशी माणसांपैकी कोण कुठल्या दुखण्यातून चाललंय ते त्यांना दिसत असतं. बायबलमधला जक्कय झाडावर चढून लांबून बघत होता, एक प्रकारे तो पण प्रेक्षकच होता. प्रभू झाडाखाली थांबला, नावाने हाक मारली आणि म्हणाला आज तुझ्या घरी उतरणार. जक्कयचं आयुष्य फिरलं ते प्रवचन ऐकून नाही, घरात पाहुणा आला म्हणून फिरलं.

आणि मराठीत आपल्याकडे किती चांगला शब्द आहे बघा. चर्च म्हटलं की इमारत डोळ्यासमोर येते, आपले जुने लोक म्हणायचे मंडळी. मंडळी म्हणजे माणसं, बसलेली, एकमेकांना सरकून जागा देणारी. मोबाईलवर प्रवचन असू शकतं, गाणी असू शकतात, मंडळी नाही असू शकत, कारण तिथे सरकून जागा कोणाला देणार.

योहानाचं दुसरं पत्र आहे ना, एका पानाचं, आपण कधी वाचतच नाही ते, त्याच्या शेवटी योहान लिहितो की मला तुम्हाला पुष्कळ लिहायचंय पण कागद नि शाई नको, मी येईन आणि तोंडोतोंड बोलू, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. तिसऱ्या पत्राच्या शेवटी परत जवळपास तेच. माझ्या मते या सगळ्या विषयावर बायबलमध्ये याहून नेमकं काही नाही. त्या काळचं साधन होतं पत्र, योहानाने ते वापरलं, टाकून नाही दिलं, आणि वापरता वापरताच सांगितलं की हे पुरेसं नाही. उपासनेच्या शेवटी आपण जो आशीर्वाद घेतो त्यात तरी काय मागतो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो. तोंडच मागतो आपण. मी मुलांना हे समजावते तेव्हा एवढंच सांगते की फोनमध्ये तू दिवसाला हजार तोंडं बघतोस, त्यातलं एकही तुला बघत नाही.

म्हणून मी फोनच्या विरोधात आहे असं समजू नका. २०२० मध्ये आम्ही पण फोन स्टँडवर लावून उपासना चालवलीच होती, आणि आजही रामबागेतल्या एक आजी, वय ८४, पाय मोडल्यापासून पलंगावर, त्यांना दर रविवारी प्रवचनाचं रेकॉर्डिंग जातं आणि त्या ते दोनदा ऐकतात. पण महिन्यातून एकदा पाळक प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस, घेऊन त्यांच्याकडे जातात, बरोबर दोन मुलं असतात, आणि आजी आठवडाभर आधीपासून सुनेला विचारत असतात की कोणती मुलं येणारेत. रेकॉर्डिंगचं त्यांनी असं कधी विचारलेलं नाही.

छापखाना आला तेव्हाही हेच झालं होतं. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ ला नगरहून निघायला लागलं, त्या काळी तो नवा मीडियाच होता, वाद, टीका, उत्तरं, प्रत्युत्तरं सगळं त्यात चालायचं. माझे आजोबा नगरचे, इंदूरला नोकरीला आले तरी ज्ञानोदय पोस्टाने यायचाच, आणि आजी सांगायची की अंक आला की एकजण मोठ्याने वाचायचा नि बाकीचे ऐकायचे, मध्येच कोणी अडवायचं, वाद व्हायचा, चहा व्हायचा. वस्तू तीच, छापील कागद, पण घर भरायचा. आता घरात चौघं चार कोपऱ्यांत चार वेगवेगळ्या गोष्टींवर हसतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही बायबल मिळालं ते राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाच्या हातून. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो कोणी वादात हरवलं म्हणून नाही, जवळ राहून, बघून, आपल्या मनाने. तुमच्या मुलाला हे सांगा, कारण त्याला वाटतं कमेंटमध्ये जिंकलं की समोरच्याचं मन बदलतं.

संस्कृतीचं म्हणाल तर मला गाण्यांचं दुःख सगळ्यात जास्त आहे. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलं, म्हणजे मराठी माणसाला आपल्या तालात देवाचं नाव घेता यावं. इंदूरला आमची उपासना तशीही हिंदीत असते, मराठी राहिली ती घरच्या प्रार्थनेत, आणि आता तरुण संघाच्या मुलांना टाळ दिला तर हातात कसा धरायचा ते माहीत नाही, पण ऑस्ट्रेलियाच्या नि अमेरिकेच्या बँडची गाणी स्टेजवरच्या लाईटसकट पाठ. मला त्या गाण्यांचा राग नाही, त्यातली काही फार सुंदर आहेत. पण प्रत्येक मुलाला एकच आवाज, एकच हावभाव, डोळे मिटून हात वर करायची तीच पद्धत, हे बघून वाईट वाटतं. त्याच्या जोडीला ते प्रवचनकार येतात जे सांगतात विश्वास ठेव म्हणजे गाडी मिळेल, नोकरी मिळेल, स्क्रीनवर नंबर असतो त्यावर पैसे पाठवा, आणि आपले साधे लोक पाठवतात. वधस्तंभावर चढलेल्या प्रभूचं नाव घेऊन सुखाची हमी विकणं, हे मला कुठल्याही घाणेरड्या व्हिडिओपेक्षा जास्त खटकतं.

पण इथेच चांगलंही बघितलंय. आमच्यातल्या एका मुलीने वरच्याच रामबागेच्या आजींकडून एक अभंग म्हणून घेतला, फोनवर रेकॉर्ड केला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि पुणे, नगर, जालना इथल्या भावंडांनी आपापल्या घरच्या चाली पाठवल्या. एकाच अभंगाच्या पाच चाली निघाल्या. नाताळला त्यातली एक आम्ही म्हटली, पेटी आणि टाळ घेऊन. फोन नसता तर हे झालं नसतं, आणि आजींच्या पलंगाशी जाऊन ती मुलगी बसली नसती तरी झालं नसतं.

आता कमेंटमधली भांडणं, आणि ताई, मला तुमच्या पत्रातली हीच गोष्ट जास्त गंभीर वाटते. आपण इंदूरचे मराठी लोक कसे राहत आलोय ते त्याला आठवण करून द्या. दिवाळीला शेजारच्या काकूंचं ताट येतं, चकली, अनारसे, आणि नाताळला आपल्याकडून त्याच ताटात करंज्या नि शंकरपाळे जातात, ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत दोन्ही घरांची एकच. तुम्ही आजारी असाल तेव्हा सकाळी पोहे कोणी आणून दिले असतील? मुलाला विचारा की तू रात्री ज्या लोकांशी भांडतोस त्यांच्यातला एकतरी तुला भेटलाय का, आणि ज्यांना तू रोज भेटतोस त्यांच्यातल्या किती जणांशी तुझं भांडण आहे. बहुतेक उत्तर शून्य येतं. मग हे वैर आलं कुठून? ते त्याच्या गल्लीतलं नाहीये, बाहेरून आणून त्याच्या खिशात घातलेलं आहे. आणि दुसरीकडे बसलेला मुलगाही असाच कोणाच्या तरी घरचा अकरावीतला असेल.

प्रभूने मत्तय १८ मध्ये सांगितलंय की भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जा, दोघंच असताना सांग. नाही ऐकलं तर दोन माणसं घेऊन जा, मंडळीपुढे न्यायचं ते सगळ्यात शेवटी. सोशल मीडिया याच्या बरोब्बर उलटं शिकवतो, आधी सगळ्यांपुढे, एकांतात कधीच नाही. आमच्या मंडळीतही हे झालंय, हिशेबावरून एका वडीलधाऱ्या माणसाबद्दल ग्रुपवर एकाने लिहिलं, दुपारपर्यंत ४० मेसेज, आणि संध्याकाळी कळलं की पावती पुस्तकात होती. लिहिणाऱ्याने माफी मागितली तीही ग्रुपवरच. ते गृहस्थ आजही येतात पण शेवटच्या बाकावर बसतात, प्रार्थना संपली की लगेच निघतात.

आणि याच रस्त्याने पुढे कुठपर्यंत जातं ते आपल्याला माहीत आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच माणसं मारली, भिक्षुकी करून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होत्या, त्यांची बोली कोणाला नीट कळली नसेल, दिसायला परके, तेवढं पुरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आम्ही त्या आठवड्यात तरुण संघात नववी आज्ञा घेतली होती, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. मी मुलांना म्हटलं की साक्ष म्हणजे कोर्टातलीच नाही, फॉरवर्ड ही पण साक्षच, तू न बघितलेल्या गोष्टीवर अंगठा लावून पुढे ढकलतोस. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम आहे, स्वतः बघितलेलं किंवा ज्याला विचारता येईल अशा माणसाकडून आलेलं, तेवढंच टाकायचं. बाकी काहीही असो, अगदी प्रार्थनेने बरं झाल्याची साक्ष असो की चर्चवरच्या हल्ल्याची बातमी, आधी एक फोन कर, मग बोल.

तुमच्या मुलाला राग येतो तो खोटा नाही, आपल्या लोकांबद्दल काहीबाही बोललं जातं आणि मुलाला ते लागतं. त्याला उदयनगरच्या सिस्टर राणी मारियांबद्दल सांगा, आपल्या इंदूरच्या जवळचीच गोष्ट आहे. केरळच्या, इथे देवास जिल्ह्यात शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना सगळ्यांदेखत पन्नासहून जास्त वार करून मारलं. त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, २००२ मध्ये जेलमध्ये गेली आणि त्या मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. घरच्यांनी माफ केलं, २००६ ला तो सुटला, त्या कुटुंबाने त्याला आपला मानलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं, कॅथलिकांत ही संतपदाच्या आधीची पायरी. ही राखी बांधायला सेल्मींना जेलच्या दारातून आत जावं लागलं, त्याच्यासमोर उभं राहावं लागलं, त्याचा हात हातात घ्यावा लागला. मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं एकदम शांत होतात, आणि एकदा एका मुलाने विचारलं, "दीदी, त्यांचे हात थरथरले नाहीत का?" मला उत्तर देता नाही आलं. पण तो मुलगा त्या महिन्यापासून कमेंटमध्ये भांडायचा थांबला, त्यानेच मला नंतर सांगितलं.

घरी काय करायचं ते सांगते, हे आमच्याकडे करून बघितलेलं आहे. दर गुरुवारी तरुण संघ बसतो तेव्हा दारात एक स्टीलची परात ठेवतो, सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे, माझा पहिला. सुरुवातीला फार मजेदार व्हायचं, कोणाचा तरी फोन व्हायब्रेट झाला की सगळी परात घणघणायची नि वीसच्या वीस माना तिकडे वळायच्या, कोणाचा वाजला ते कळायचं नाही म्हणून प्रत्येकाला वाटायचं आपलाच. दोन महिने लागले माना वळायच्या थांबायला. आता परात वाजत असते नि मुलं बोलत असतात. तुमच्या घरी जेवायच्या वेळेला हे करा, पंचवीस मिनिटं, रोज. उपदेश नको, फक्त जेवण. पहिले आठ दिवस कोणीच काही बोलणार नाही, ते बोचतं, पण टिकून राहा.

आठवड्यातला एक दिवस विसाव्याचा, हीसुद्धा आज्ञाच आहे आपल्याला, आणि मला वाटतं आजच्या मुलांसाठी दहा आज्ञांपैकी हीच सर्वात दयेची आहे. पूर्ण दिवस नाही जमणार, रविवारी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत तरी. आणि ताई, तुम्ही स्वतःही थोडं बघा. त्याचा दहावीचा निकाल तुम्ही त्याला न विचारता टाकला होता का, त्याच्या दृढीकरणाचे, म्हणजे कन्फर्मेशनचे, फोटो? बऱ्याच मुलांनी मला सांगितलंय की माझ्या आईने माझं सगळं आधीच सगळ्यांना दाखवून टाकलंय, माझं असं काही उरलं नाही. त्याला एकदा विचारा, आणि नको म्हणाला तर काढून टाका.

कॅथलिकांचे नवे संत कार्लो अकुतिस आहेत ना, ७ सप्टेंबर २०२५ ला संत घोषित झाले, पंधराव्या वर्षी २००६ ला गेले, कॉम्प्युटरमध्ये हुशार, वेबसाईट बनवायचे, त्यांच्याबद्दल सांगतात की व्हिडिओ गेम त्यांना आवडायचा पण आठवड्यातून एकच तास ठेवला होता. आपण प्रोटेस्टंट असलो तरी मी हे मुलांना सांगते, कारण त्यांना असा एक मुलगा दिसायला हवा ज्याने मशीन वापरलं आणि मशीनचा झाला नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. मुलगा खाणंपिणं सोडत असेल, रात्र रात्र जागत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर नुसती प्रार्थना करून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट बोलता येतं. कोणी ऑनलाइन फोटो मागत असेल, धमकावत असेल, पैसे उकळत असेल तर १९३० वर लगेच तक्रार करा आणि मुलाला ओरडू नका, तो तुमच्यापर्यंत आला हेच मोठं आहे. प्रभूचं शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्यच होता, तेव्हा डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि चर्चला पाठवायचं असेल तर ऐकायला पाठवू नका. ऐकायला त्याच्याकडे यूट्यूब आहे, तिथे आपण हरणारच. काहीतरी काम करायला पाठवा, असं काम की तो नाही आला तर ते अडेल. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही हॉलमध्ये खुर्च्या लावतो, साठ खुर्च्या, आणि बारावीची मुलं परीक्षेमुळे येत नाहीयेत म्हणून सध्या दोघंच आहेत. मागच्या आठवड्यात पाळकांनी स्वतः लावल्या. त्यानंतर त्याच दोघांना आजींकडे जायचंय, रामबागेत, त्यांनी मुलं कोण कोण आहेत ते विचारलंय. तुमच्या मुलाचं नाव मला कळवा, मी आजींना सांगून ठेवते.